आमची जात उघडी, त्यांची फाईल झाकलेली

माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) ज्यांनी आयुष्यात दोन-चार अर्ज केले आहेत त्यांना पाठ असतं, कारण नकार सर्रास त्याच कलमाखाली येतो. २००५ साली हे कलम लिहिलं गेलं तेव्हा त्यात बरंच काही होतं. एखादी माहिती व्यक्तिगत असेल, तिचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नसेल किंवा ती दिल्याने कुणाच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येणार असेल, तर ती नाकारता येत होती. पण व्यापक जनहित दिसत असेल तर अशीही माहिती द्यायची. आणि खाली एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही.

आता त्या जागी इंग्रजीत सहा शब्द उरले आहेत. त्यांचा अर्थ एवढाच की व्यक्तिगत माहितीशी संबंधित माहिती देणं बंधनकारक नाही. सार्वजनिक कामाशी संबंध आहे की नाही, हा प्रश्न गेला. विनाकारण की सकारण, हाही गेला. परंतुक तर मुळासकट गेलं.

हा बदल माहिती अधिकार कायद्यावर चर्चा करून झालेला नाही. तो झाला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ या नावाच्या दुसऱ्याच कायद्यातून. त्याच्या अगदी शेवटच्या, ४४ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात तो बसवला आहे. घर विकत घेताना करारनाम्याच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात जे असतं, तशी ही जागा. लोकसभेने हे विधेयक ७ ऑगस्ट २०२३ ला आणि राज्यसभेने ९ ऑगस्टला आवाजी मतदानाने मंजूर केलं, ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. मग दोन वर्षांहून जास्त काळ कायदा झोपून राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले आणि तो जागा झाला, पण अर्धाच. माहिती अधिकाराला कात्री लावणारं पोटकलम ताबडतोब लागू झालं. कंपन्या आणि सरकारी यंत्रणा आमचा डेटा घेतात तेव्हा त्यांनी काय पाळायचं, आम्हाला काय विचारता येईल, काय पुसून मागता येईल, याची कलमं मात्र अठरा महिन्यांनंतर. डिजिटल काळात नागरिकाचं रक्षण करायला आलेल्या कायद्याने पहिल्या दिवशी नागरिकाच्या हातातलं काढून घेतलं आणि द्यायचं ते उधारीवर ठेवलं. हा क्रम चुकून लागला असं मानायला मी तयार नाही.

मी भिलाईत राहतो. समाजशास्त्रात संशोधन करतो, आणि माझ्या कामाचा निम्मा वेळ कागद मागण्यात जातो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी वर्तमानपत्रातला नाही. पण संशोधकाची अडचण सांगायला मी हे लिहीत नाहीये. त्याच्यापेक्षा जुनी गोष्ट आहे, आणि ती आपल्यातल्या पुष्कळांच्या घरातली आहे.

माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून १९५६ च्या उन्हाळ्यात इथे आले. सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला होता. इथे तेव्हा माती खणायची, झाडं तोडायची, रेल्वेचे रूळ टाकायची कामं निघत होती. भंडारा आणि दुर्ग तेव्हा एकाच राज्यात होते. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. १४ ऑक्टोबरला आजोबा नागपूरला गेले आणि बाबासाहेबांच्या लाखो माणसांत उभं राहून बौद्ध झाले, म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीत. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. आजोबांनी सीमा ओलांडली नव्हती, सीमा त्यांच्या मागून आली. आणि कागदावर ते ‘बाहेरचे’ झाले.

याचं पुढे काय होतं ते भिलाईतल्या प्रत्येक विदर्भी बौद्ध घराला माहीत आहे. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. त्या तारखेला तुमचं कुटुंब ज्या राज्यात होतं त्या राज्याचे तुम्ही अनुसूचित. दुसऱ्या राज्यात गेलात तर तिथल्या राज्याच्या सवलती नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हे पक्कं केलं. इथे भिलाईत च्वाइस सेंटरला जाऊन जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला बसलात तर मिसल मागतात, म्हणजे इंग्रजी काळातल्या जमीन बंदोबस्ताच्या नोंदीची नक्कल. ज्याच्या पणजोबाकडे जमीनच नव्हती त्याने जमिनीच्या नोंदीत आपली जात शोधायची. आणि बौद्ध झालात म्हणून केंद्राच्या यादीतून जे बाहेर पडलात ते १९९० ची दुरुस्ती होईपर्यंत बाहेरच.

माझ्या वडिलांचा जन्म भिलाईचा, माझाही. माझा दाखला मात्र भंडाऱ्यातल्या कागदांवर उभा आहे. त्यासाठी आजोबांच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरचा उतारा लागला, गावच्या कोतवाल पंजीची नक्कल लागली, वंशावळ लागली, दोन साक्षीदार लागले. म्हणजे मी जन्मायच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीचे कागद. ते मी दिले. स्कॅन करून दिले, आधार क्रमांकासह दिले, वेगवेगळ्या पोर्टलांवर पाच-सहा वेळा दिले. तिथे माझ्या आजोबांची जात कुणाला ‘व्यक्तिगत माहिती’ वाटली नाही.

आता उलट बाजू बघा. मी एका विद्यापीठाकडे बिंदुनामावलीची नक्कल मागितली. ज्यांचा या शब्दाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक संवर्गातलं पहिलं पद कुणाचं, सातवं कुणाचं, चौदावं कुणाचं, म्हणजे अराखीव की अनुसूचित जाती की जमाती की ओबीसी, आणि त्या जागेवर प्रत्यक्षात कोण बसलंय, कुठल्या तारखेपासून, हे ज्या नोंदवहीत लिहिलेलं असतं ती बिंदुनामावली. आरक्षण संविधानात आहे असं आपण म्हणतो, पण रोजच्या व्यवहारात ते या वहीत असतं. ही वही बिघडवली की संविधानाला हातही न लावता आरक्षण संपतं. २०१८ साली विद्यापीठांत २०० बिंदूंऐवजी १३ बिंदूंचा, विभागनिहाय रोस्टर आणला तेव्हा काय झालं ते आठवा. छोट्या विभागात चार-पाचच पदं असली तर सातव्या बिंदूपर्यंत गाडी पोहोचतच नाही, आणि अनुसूचित जातीची पाळी कधी येतच नाही. देशभर लोक रस्त्यावर आले, २०१९ साली आधी अध्यादेश आणि मग कायदा करून ते मागे घ्यावं लागलं. ती लढाई जिंकता आली कारण लोकांच्या हातात आकडे होते. जाहिराती होत्या, रोस्टर होते, कुठल्या विभागात किती जागा गेल्या याचा हिशोब होता.

मला उत्तर हिंदीत आलं, दोन ओळींचं. मागितलेल्या नोंदवहीत कर्मचाऱ्यांची नावं आणि प्रवर्ग आहेत, ती व्यक्तिगत माहिती आहे, म्हणून कलम ८(१)(जे) अन्वये देता येत नाही. हवं असेल तर एकूण संख्या संकेतस्थळावर बघा.

एकूण संख्या! इथेच सगळी मेख आहे. एकूण संख्या म्हणजे कार्यालयाने स्वतःबद्दल सांगितलेलं. अनुसूचित जातीच्या दहा जागा, दहा भरलेल्या, असं पोर्टलवर सुबक तक्त्यात दिसतं. त्या दहांत कुणी अराखीव गुणवत्तेवर आलेला माणूस राखीव बिंदूवर दाखवला आहे का, कुणी बढतीने आलेला दोनदा मोजला आहे का, कुणाचा दाखला खोटा आहे का, हे संख्येतून कधीच कळत नाही. ते नावावरून कळतं. आधी नाव, मग तारीख, मग बिंदू क्रमांक, मग दाखला. डॅशबोर्ड म्हणजे पारदर्शकता ही डिजिटल काळातली सगळ्यात मोठी थाप आहे. हिशोबाची वही कुलपात आणि बेरीज भिंतीवर, अशी ही पारदर्शकता. सावकारही बेरीज दाखवायचाच.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ साली त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन दिलं त्यात सरकारी नोकऱ्यांतले आकडे मांडून प्रश्न उभा केला, आणि १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के आरक्षण आलं. ते सरकारच्या आत बसून आकडे बघू शकत होते. आपण बाहेर आहोत. बाहेरच्या माणसासाठी २००५ चा कायदा होता.

छत्तीसगडमध्ये या प्रश्नाला एक तारीख आहे. १८ जुलै २०२३ ला, विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, रायपुरात अनुसूचित जाती-जमातीचे तरुण कपडे उतरवून विधानसभेच्या रस्त्याने धावले. खोट्या जातीच्या दाखल्यांवर सरकारी नोकरी करणाऱ्यांवर कारवाई करा, एवढीच मागणी. राज्याच्या छाननी समितीनेच खोटी ठरवलेली २६७ प्रकरणं आहेत आणि तरी माणसं खुर्चीत आहेत, असं ते म्हणत होते. पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. वाहिन्यांनी दोन दिवस ती दृश्यं धूसर करून दाखवली आणि अश्लीलतेवर चर्चा केली. तीन आठवड्यांनी दिल्लीत डेटा संरक्षण विधेयक मंजूर झालं. या दोन घटना कुणी एकमेकींशेजारी ठेवल्याचं माझ्या वाचनात नाही. मी ठेवतो. तरुणांनी अंगावरचे कपडे काढले तरी खोटा दाखलेवाला उघडा पडला नाही, आणि तीन आठवड्यांत त्याला झाकायला कायदाच आला.

खोटा दाखला पकडला कसा जातो, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कुठलंही सॉफ्टवेअर तो पकडत नाही. कार्यालयातला कुणीतरी सेवाज्येष्ठता यादी वाचतो. आडनाव ओळखीचं वाटतं, त्या गावचं ते घर कुठल्या जातीचं हे त्याला माहीत असतं. तो दाखल्याची नक्कल मागतो. त्यावरचा क्रमांक आणि तहसील बघून तिथे जातो, शाळेच्या रजिस्टरमधली जुनी नोंद काढतो, मग समितीकडे तक्रार करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात छाननी समित्या आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच, महादेव कोळी जमातीच्या दाव्याचं. पण पथक हलायला आधी तक्रार लागते, आणि तक्रारीला कागद लागतो. तो पहिला कागद सामान्य माणूस माहिती अधिकारात मिळवायचा. आता पहिल्याच पायरीवर दार बंद.

आणि पकडल्यावर काय होतं? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा प्रकरणात स्पष्ट सांगितलं की दावा खोटा ठरला तर नोकरीला संरक्षण नाही. महाराष्ट्र सरकारने २१ डिसेंबर २०१९ चा शासन निर्णय काढून अशा कर्मचाऱ्यांना ‘अधिसंख्य’ पदांवर बसवलं. जागा सोडा पण घरी जाऊ नका, असा मधला मार्ग. ज्यांच्या जागा खाल्ल्या गेल्या त्यांच्यासाठी असा मायेचा शासन निर्णय निघाल्याचं मला आठवत नाही. त्या अधिसंख्य पदांवर कोण आहे, कुणाच्या रिकाम्या झालेल्या जागी कोण भरलं गेलं, हे उद्या एखाद्या आदिवासी पोराने विचारलं तर उत्तर काय येईल ते आपल्याला आता ठाऊक आहे.

इथे माझ्याच बाजूचे काही मित्र मला थांबवतात. ते म्हणतात, खाजगीपणा आपल्याला सगळ्यात जास्त लागतो. वसतिगृहात खोलीतल्या मुलांना तुझी जात कळू नये म्हणून तू काय काय केलंस ते आठव. त्यांचं खरं आहे. निकालाच्या यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली नजर बदलते, हे पहिल्या पिढीच्या पदवीधराला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीचा २२ मे २०१९ ला मृत्यू झाला. तिला जातीवरून हिणवलं जात होतं, ही तिच्या कुटुंबाची तक्रार होती. कुणी कुठल्या जागेवरून आलं ही माहिती आपल्या बाबतीत जीवघेणी ठरू शकते. मीही मानतो.

म्हणूनच २००५ चं कलम चांगलं होतं. खाजगीपणाची भिंत त्यात होतीच. पण ती भिंत कुठे उभी करायची याचा निकष होता: सार्वजनिक कामाशी संबंध. विद्यार्थिनीचा वैद्यकीय अहवाल एका बाजूला, प्राध्यापकाच्या नेमणुकीचा आधार असलेला दाखला दुसऱ्या बाजूला. शिवाय कलम ११ होतं, अजून आहे. ज्याची माहिती मागितली त्याला पाच दिवसांत नोटीस, त्याने दहा दिवसांत म्हणणं मांडायचं, मग अधिकाऱ्याने दोन्ही बाजू तोलायच्या. एखादा जातीयवादी सहकारी निव्वळ छळायला दाखला मागत असेल तर तिथेच त्याला अडवता येत होतं. विदर्भात हलबा-कोष्टींपासून मानांपर्यंत पडताळणीच्या नावाखाली लोकांची किती ससेहोलपट झाली ते मी जाणतो. त्यांचं रक्षण करायला तोलणारा कायदा हवा. न तोलता सरसकट झाकणारा कायदा खऱ्या आदिवासीला आणि खोट्या दाखलेवाल्याला एकाच चादरीखाली घेतो, आणि त्या चादरीचा फायदा कुणाला होतो हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकारचं म्हणणं असं की २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला, म्हणून माहितीचा कायदा त्याच्याशी जुळवून घ्यावा लागला. पण तो निकाल आधारच्या वादातून आला. सरकारने नागरिकाच्या अंगठ्याचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, सगळं गोळा करायचं का, या प्रश्नातून. राज्यसत्तेपासून माणसाला वाचवायला दिलेली ढाल राज्यसत्तेनेच हातात घेतली आणि माणसासमोर धरली. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यातही कलम ८(१)(जे) बदलायची सूचना होती, पण त्यात माहितीचं जनहित आणि व्यक्तीचं नुकसान तोलण्याची कसोटी ठेवलेली होती. म्हणजे तोल ठेवून बदल करता येत होता, आणि तो कसा हे कागदावर तयार होतं. तरीही ते टाकून दिलं.

हेही सांगितलं पाहिजे की घसरण २०२३ ला सुरू झालेली नाही. अकोल्याच्या एका कार्यालयातल्या अधिकाऱ्याला मिळालेले मेमो आणि त्याची मालमत्ता यांची माहिती मागणाऱ्या गिरीश देशपांडे यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये फेटाळला. कर्मचाऱ्याची सेवेतली कामगिरी ही तो आणि त्याचा मालक यांच्यातली बाब आहे, असं म्हणून. सरकारी नोकराचा मालक कोण, हा प्रश्न तिथे विचारायला हवा होता. त्या निकालाची झेरॉक्स गेली तेरा वर्षं प्रत्येक जनमाहिती अधिकाऱ्याच्या खणात आहे. पण त्यातही व्यापक जनहिताची फट शिल्लक होती. २०१९ साली माहिती आयुक्तांची मुदत आणि पगार केंद्राच्या हातात गेले. २०२५ ला कलमच कापलं.

आणि आमचं काय काय उघडं आहे? रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून पोर्टलवर चढवायचा. तगारी घेऊन उभ्या असलेल्या सतनामी, गोंड, महार बायकांचे चेहरे देशातल्या कुणालाही बघता येतील असे टाकले गेले. शिष्यवृत्तीच्या याद्या जातीसकट, बँक खात्याच्या आकड्यांसकट पीडीएफमध्ये पडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. डेटा संरक्षण कायद्यातच सरकारला मोकळीक आहे की अनुदान, लाभ, सेवा, प्रमाणपत्र, परवाना यांसाठी आमचा डेटा ठरावीक परिस्थितीत नव्याने संमती न घेता वापरावा. सरकारी यंत्रणांना अधिसूचनेने पूर्ण सूट देण्याची तरतूदही आहे. उलट, नागरिकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर दहा हजारांपर्यंत दंड.

दंडाची ही तुलना अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून करून पाहा. माहिती अधिकारात माहिती दडवली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तेही आयोगाने मनावर घेतलं तर. डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल २५० कोटी. तो दंड कार्यालयाच्या डेटा सुरक्षेच्या ढिलाईसाठी आहे, माहिती अधिकारात कायदेशीर दिलेल्या उत्तरासाठी नाही. पण तहसीलमधला बाबू कलमं उघडून बघत नाही, आकडा ऐकतो. देण्यात कोटींची भीती आणि न देण्यात हजारांची, तर तो काय करेल?

गेलेल्या सगळ्यात मला त्या परंतुकाचं जास्त वाईट वाटतं. संसदेला नाकारता येत नाही ते कुणालाही नाकारता येणार नाही. म्हणजे खासदार आणि खुर्सीपारच्या झोपडीतली बाई, दोघं माहितीपुढे सारखे. मतपेटीबाहेर माणसाचं मूल्य सारखं मानणाऱ्या फार थोड्या ओळी आपल्या कायद्यांत आहेत. त्यातली ही एक होती. आता आमदार सभागृहात बिंदुनामावलीबद्दल तारांकित प्रश्न विचारू शकतो. ज्याची जागा त्या वहीत गेली त्याला मात्र आमदाराच्या बंगल्यावर जाऊन हात जोडावे लागतील. आपले आजे-पणजे ज्या दारात उभे राहायचे त्याच दारात कायद्याने आपल्याला परत पाठवलं.

मग अर्ज करायचेच नाहीत का? करायचे, आणि आता जास्त हुशारीने करायचे. कलम ८(२) अजून शिल्लक आहे. जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. सरकार या कलमाकडे बोट दाखवून सांगतं की काही बिघडलेलं नाही. पण जनहित तोलणं पूर्वी नकाराच्या कलमातच होतं, आता अर्जदाराने ते वेगळं ओढून आणायचं आहे. तर आणूया. अर्जातच लिहा की ही माहिती आरक्षणाच्या अंमलबजावणीची आहे आणि कलम ८(२) खाली तुम्ही जनहिताचा कारणांसह निर्णय द्यावा. कलम १० चा उल्लेख करा: न देण्यासारखा भाग काळा करून उरलेला द्यावा लागतो. नक्कल देत नसतील तर वही प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा, कायद्यात तो हक्क आहे. कलम ४(१)(ख) वाचून ठेवा. अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी, प्रत्येकाचं मासिक वेतन, अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील हे कुणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं आहे, आणि ते कलम कुणी काढलेलं नाही. अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही, ते कलम १९(५). पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करा, नव्वद टक्के पोरं इथेच कंटाळतात असा माझा अंदाज आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांना अर्ज असेल तर २०१२ च्या नियमाने १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावं लागतं, केंद्राच्या संस्थांना साधारण ५०० शब्द चालतात. म्हणून कलमांचे आकडे लिहा, भाषण लिहू नका.

त्या विद्यापीठाला मी पुन्हा अर्ज टाकला आहे. या वेळी नावाचा रकाना सोडून बाकी सगळे मागितले आहेत: बिंदू क्रमांक, बिंदूचा प्रवर्ग, पद भरल्याची तारीख, भरलेल्या माणसाचा प्रवर्ग, दाखला कुठल्या कार्यालयाचा आणि कुठल्या वर्षाचा, त्याची पडताळणी झाली असेल तर कधी. सेवाज्येष्ठता यादी त्यांच्याच संकेतस्थळावर आहे, रुजू होण्याच्या तारखांसकट. तारखेला तारीख जोडली की नावाचा रकाना माझ्या टेबलावर भरता येईल. मुदत तीस दिवसांची, आज अकरावा दिवस.